जामीन कोण राहतं? नाशिकच्या कोर्टांचा एक जुना प्रश्न

या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी फोन केला. म्हणाले, "सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवलंत, कोर्टकचेरीत कुठं शिरलात?" आम्ही म्हटलं, तत्त्वज्ञानाचा पहिला गाजलेला प्रसंग कोर्टातलाच आहे. सॉक्रेटिसवर खटला चालला, त्यानं स्वतःचा बचाव स्वतःच केला आणि त्याचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. (हशा) वकील नसला की काय होतं याचं उदाहरण म्हणून ते फार ओढून ताणून आणलेलं नाही.

पण आज अथेन्स नको. आज नाशिक. आणि सुरुवात एका शब्दापासून करू, कारण आमची खोड तीच आहे.

जामीन. आज आपण म्हणतो, "त्याला जामीन मिळाला." म्हणजे जामीन ही मिळायची वस्तू झाली, एक कागद झाला. जुन्या मराठीत तसं नव्हतं. जामीन म्हणजे माणूस. "अमका तमक्याला जामीन राहिला" हा प्रयोग अजून जिवंत आहे, त्यात तो जुना अर्थ टिकून आहे. मोल्सवर्थचा कोश उघडला की जामिनांचे प्रकार सापडतात. हाजीर जामीन म्हणजे हा माणूस बोलावाल तेव्हा हजर होईल याची हमी घेणारा. माल जामीन म्हणजे पैशाची हमी घेणारा. आणि फैल जामीन म्हणजे हा माणूस नीट वागेल याची हमी घेणारा. पेशवाईतल्या निवाड्यांत वादी-प्रतिवादींकडून आधी राजीनामा आणि जामीनकतबा लिहून घेत, मग गोत बसे. म्हणजे न्यायाचं काम सुरू व्हायच्या आधीच एक तिसरा माणूस उभा लागे, जो म्हणेल, हा आमच्या ओळखीचा आहे.

ही पद्धत फार न्याय्य होती असं कुणी समजू नये. ज्याला गाव ओळखतं त्याला जामीन मिळे. ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, जो आज इथं आणि उद्या तिथं पाल ठोकून राहतो, त्याला कोण जामीन राहणार? हा प्रश्न तेव्हाही होता. तो मनात ठेवा, पुढं लागेल.

इंग्रजांनी फौजदारी प्रक्रियेची संहिता केली. पहिली १८६१ ची, मग १८७२, १८८२, १८९८. गुन्ह्यांचे दोन वर्ग झाले, जामीनपात्र आणि अजामीनपात्र. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क. अजामीनपात्रात तो न्यायाधीशाच्या विवेकावर. वकिलाकडून बचाव करून घ्यायचा हक्कही त्या संहितेत आला. कागदावर पाहिलं तर चोख व्यवस्था. पण विवेक हा शब्द आला की आम्ही तत्त्वज्ञानवाले कान टवकारतो. कुणाचा विवेक?

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुंबई हायकोर्टातलं आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांनी ते ऐकलंही असेल. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला झाला. मॅजिस्ट्रेटनं जामीन नाकारला. हायकोर्टात पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढं अर्ज गेला, तिथंही नाकारला. होय, तेच न्यायमूर्ती रानडे. मग खटला सेशनला गेल्यावर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढं पुन्हा अर्ज झाला. टिळकांच्या बाजूनं दिनशा दावर उभे राहिले. तय्यबजींनी जामीन दिला. आरोपीला तुरुंगात ठेवलं आणि पुढं तो निर्दोष सुटला तर त्या दिवसांचं काय, ही गोष्ट त्यांना महत्त्वाची वाटली. आणि दुसरी बाब बचावाची. कोठडीत बसलेला माणूस वकिलाला सूचना देणार कशा, कागद जमवणार कधी? जामीन आणि वकील या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे त्या अर्जातून स्वच्छ दिसतं.

अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला. २४ जूनला अटक. या वेळी जामिनाचा अर्ज घेऊन उभे राहिले तरुण बॅरिस्टर महंमद अली जीना. आणि न्यायासनावर कोण? तेच दिनशा दावर. जीनांनी दावरांचेच १८९७ चे मुद्दे त्यांच्यापुढं मांडले असं म्हटलं तर चूक नाही. दावरांनी जामीन नाकारला, आणि कारणं सांगणं इष्ट नाही असं म्हणून विषय संपवला. कलम तेच, आरोपी तोच, मुद्दे तेच. फक्त माणूस खुर्चीच्या या बाजूचा त्या बाजूला गेला.

आम्ही दावरांना खलनायक करत नाही. वर्गात हे सांगितलं की मुलं लगेच त्यांना दोष देत. आम्ही विचारायचो, तुम्ही उद्या त्या खुर्चीत बसलात तर? वर्ग शांत व्हायचा.

आता नाशिककडं या. १९०९. बाबाराव सावरकरांवर खटला झाला तो देशभक्तीच्या कविता छापल्याबद्दल. कलम १२१, म्हणजे बादशहाविरुद्ध युद्ध पुकारणं. जून १९०९ मध्ये नाशिकच्या सेशन कोर्टानं जन्मठेप, काळ्या पाण्याची, दिली. नोव्हेंबरमध्ये हायकोर्टात चंदावरकर आणि हीटन यांनी ती कायम केली. त्या काळात नाशिकचे वकील बाबासाहेब खरे यांच्यावरही सरकारची वक्रदृष्टी होती. आपण म्हणतो वकील मिळाला पाहिजे. पण ज्या गावात वकिलावरच कारवाई होते, तिथं दुसरे चार वकील वकीलपत्र घेताना काय विचार करत असतील, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात सापडत नाही.

मग २१ डिसेंबर १९०९. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झालेली, निरोपाचा प्रयोग विजयानंद नाट्यगृहात, नाटक 'शारदा'. अनंत कान्हेरे या अठरा वर्षांच्या मुलानं गोळ्या झाडल्या. हे सगळं नाशिककरांना पाठ आहे, त्याच्या नावाच्या मैदानावर आपण क्रिकेट पाहतो, सभा ऐकतो. जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता, लोक त्याला पंडित म्हणत, हेही सांगितलं पाहिजे. आम्हांला आज त्या गोळ्यांविषयी बोलायचं नाही. पुढच्या कायद्याविषयी बोलायचं आहे, कारण तो भाग कुणी सांगत नाही.

१९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. गुन्ह्यापासून फाशीपर्यंत चार महिनेसुद्धा झाले नाहीत. आणि त्याच वर्षी नाशिक कटाचा खटला. तीन डझनांहून अधिक आरोपी, मुंबईत तीन न्यायमूर्तींचं खास न्यायपीठ, ज्यूरी नाही. ज्यूरी का नाही? कारण डिसेंबर १९०८ चा एक कायदा, क्रिमिनल लॉ अमेंडमेंट ॲक्ट, १९०८ चा चौदावा. हा बंगालमधल्या बॉम्बप्रकरणांनंतर आला. खरं तर पूर्ण वाचण्यासारखा कायदा आहे, फार लांबही नाही.

त्यात मॅजिस्ट्रेटच्या प्राथमिक चौकशीबद्दल काय म्हटलंय? चौकशी चालू असताना आरोपी तिथं हजर असणार नाही, मॅजिस्ट्रेटनंच बोलावलं तर गोष्ट वेगळी. त्याच्या वतीनं वकीलही उभा राहणार नाही. आणि त्या कोर्टात यायचा कुणालाही हक्क नाही. आता डोळ्यांपुढं आणा: खोली, मॅजिस्ट्रेट, सरकारी साक्षीदार. ज्याच्याबद्दल सगळं चाललंय तो गैरहजर. जामिनाचं? आणखी चौकशी करायला पुरेसा आधार दिसत असेल तर आरोपीला जामिनावर सोडायचं नाही. शब्द नीट ऐका. दोषी असल्याचा आधार नव्हे. आणखी चौकशी करायचा आधार. म्हणजे संशयाला जामीन नाही आणि संशय कधी संपायचा ते संशय घेणारा ठरवणार.

नाशिक कटातल्या आरोपींना मुख्य खटल्यात वकील मिळाले, जोसेफ बॅप्टिस्टांसारखे नामवंत होते. पण वकील खटल्याच्या दिवशी उभा राहिला म्हणजे झालं असं नसतं. अटकेपासून खटल्यापर्यंत जे दिवस जातात त्यात कबुलीजबाब होतात, कुणी माफीचा साक्षीदार होतो. त्या दिवसांत जवळ कुणी नसतं. खटला तिथंच घडत असतो हो. पुढं न्यायालयात फक्त त्याचं वाचन होतं.

इथं थोडं वाकडं वळण घेतो. १९१६ साली टिळकांकडून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटनं चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला, वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. म्हणजे आपला जुना फैल जामीन, इंग्रजी कोट घालून परत आलेला. पुन्हा जीना उभे राहिले आणि हायकोर्टानं ९ नोव्हेंबर १९१६ ला तो हुकूम रद्द केला. आज ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन म्हणून पाळतात, पण त्याचं कारण वेगळं, १९९५ मध्ये त्या दिवशी विधी सेवा प्राधिकरण कायदा लागू झाला. योगायोग. पण असले योगायोग आम्हांला आवडतात.

मग गांधीयुग आलं आणि जामिनाचा अर्थच उलटला. सत्याग्रही जामीन मागत नसे, वकील देत नसे. नाशिक रोडचा तुरुंग अशा लोकांनी भरला. साने गुरुजींनी 'श्यामची आई' फेब्रुवारी १९३३ मध्ये तिथंच लिहिली. आपल्या मनातली तुरुंगाची प्रतिमा या माणसांनी घडवली आहे. त्याग, वाचन, लेखन, चर्चा. पण त्याच भिंतींच्या आत, त्याच महिन्यात, कुणीतरी भुरट्या चोरीच्या आरोपाखाली बसला असेल, ज्यानं जामीन नाकारला नव्हता, ज्याला तो देणारं कुणी नव्हतं. स्वातंत्र्याची व्याख्या करताना आम्ही विद्यार्थ्यांना हेच सांगायचो. दोघंही एकाच कोठडीत असू शकतात. एकाच्या हातात नकार आहे, दुसऱ्याच्या हातात काहीच नाही. त्या दुसऱ्यानं पुस्तक लिहिलेलं नाही.

राज्यघटना करताना डॉ. आंबेडकरांपुढं ही अडचण होती. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमात फक्त 'कायद्यानं ठरवलेली कार्यपद्धती' एवढेच शब्द राहिले, म्हणून टीका झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी १५-अ हे नवं कलम मांडलं, तेच आजचं बाविसावं. अटकेची कारणं सांगा, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्या, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्या. मुंबईच्या कोर्टांत वकिली केलेल्या माणसाला कोठडीतल्या पहिल्या चोवीस तासांची किंमत ठाऊक असणारच.

पण घटना झाली म्हणून लगेच काही झालं नाही. १९५१ मध्येच सुप्रीम कोर्टानं म्हटलं, हक्क आहे, पण वकील मागायचं काम आरोपीचं. मॅजिस्ट्रेटनं विचारलं पाहिजे असं नाही. मागायला काय लागतं? मागता येतं हे माहीत असावं लागतं. सत्तावीस वर्षं या वाक्यावर गेली. १९७८ चा होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल आला. आरोपी एक डॉक्टरेट असलेला प्राध्यापक, बनावट पदव्यांच्या प्रकरणातला. म्हणजे आमच्याच बिरादरीतला. (हशा) हायकोर्टाचा निकाल १९७३ चा आणि त्याची प्रत त्याच्या हातात पडली १९७८ मध्ये, शिक्षा भोगून झाल्यावर. कृष्ण अय्यर यांनी त्याचं अपील फेटाळलं, पण जाता जाता ठरवून टाकलं की कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि वेळेवर मिळाली पाहिजे आणि ऐपत नसेल तर वकील सरकारनं दिला पाहिजे. पुढच्याच वर्षी बिहारचं हुसैनारा प्रकरण आलं, तो इतिहास बहुतेकांना माहीत आहे. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढं उभं केल्या क्षणापासून वकील हवा, आणि हे आरोपीला सांगणं मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य. १९५१ चं वाक्य उलटं झालं. त्यासाठी कसाबचा खटला लागला, ज्याच्या बचावाला उभं राहायला मुंबईत वकील तयार नव्हते.

आता नाशिक जिल्ह्यातलीच अलीकडची गोष्ट, मालेगावची. ८ सप्टेंबर २००६ चे बॉम्बस्फोट. नऊ मुस्लिम तरुणांना अटक झाली, मोक्का लागला. बहुतेकांना जामीन मिळाला २०११ मध्ये, आणि एप्रिल २०१६ मध्ये कोर्टानं त्यांना दोषमुक्त केलं. तोवर एक जण वारला होता. दुसरा स्फोट २९ सप्टेंबर २००८ चा. त्यातल्या आरोपींना सुरुवातीला रिमांडसाठी नाशिकच्याच कोर्टात आणत, बाहेर गर्दी उसळायची. त्यांतल्या प्रमुख आरोपींना जामीन मिळाला २०१७ मध्ये, नऊ वर्षांनी. जुलै २०२५ मध्ये सातही जण निर्दोष सुटले. दोन्ही प्रकरणांत कुणाची बाजू कुणाला जवळची वाटते हे आम्हांला माहीत आहे. या सभागृहातही दोन्ही बाजूंचे लोक बसले असतील. आम्ही फक्त एवढंच म्हणतो की दोन्हींत मेलेल्यांच्या घरच्यांना गुन्हेगार कोण ते कळलं नाही, आणि आत बसलेल्यांची वर्षं गेली. पहिल्यात पाच, दुसऱ्यात नऊ. १९०८ चा कायदा आणि मोक्का यांची जामिनाची कलमं शेजारी ठेवून वाचा. मोक्कात तर जामिनाच्या वेळीच न्यायाधीशाला वाटलं पाहिजे की आरोपी दोषी नसावा. खटल्याच्या शेवटी द्यायचं उत्तर सुरुवातीला.

पण ही गाजलेली प्रकरणं. आता जे गाजत नाही त्याकडं येतो, आणि इथं आम्हांला आमचीच गोष्ट सांगावी लागेल. बरीच वर्षं झाली. आम्ही नोकरीत होतो. घरी धुणंभांडं करायला एक मावशी येत. त्यांच्या मुलाला सायकलचोरीच्या संशयावरून पकडलं. कोर्टानं जामीन मंजूर केला, रक्कम आज ऐकून हसू येईल इतकी, पण जामीनदार हवा. सातबारा उतारा किंवा घराचा कागद असलेला, नाहीतर पगारदार. मावशी दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, तुमी जामीन रहा ना. बाई, तुमी सांगा सरांना. तुमची सही चालती म्हणे."

आम्ही "बघतो" म्हटलं. मराठी माणसाच्या 'बघतो'चा अर्थ तुम्हांला सांगायला नको. कॉलेजात एका सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "कशाला गळ्यात धोंडा बांधून घेता? पोरगा पळाला तर तारखा तुम्हांला." आम्ही त्या वेळी कांट शिकवत होतो. प्रत्येक माणूस हा स्वतःच साध्य आहे, साधन नव्हे, वगैरे. वर्गात फळ्यावर लिहून आलो आणि घरी येऊन मावशींना सांगितलं की कॉलेजचा दाखला मिळायला वेळ लागेल. दाखला एका दिवसात मिळाला असता.

शेवटी त्यांनी कोर्टाबाहेरचा पैसे घेऊन उभा राहणारा जामीनदार आणला. असे जामीनदार असतात, वकिलांना माहीत आहे, कोर्टालाही माहीत आहे. त्याचे पैसे द्यायला मावशींनी कानातलं मोडलं. मुलगा तेवीस दिवसांनी बाहेर आला. जामीन मंजूर झाल्यावर तेवीस दिवसांनी, हे ध्यानात घ्या. मावशी पुढं चार वर्षं आमच्याकडं काम करत होत्या. त्यांनी तो विषय काढला नाही. आम्हीही काढला नाही.

निवृत्तीनंतर आम्ही काही मित्र एका तालुक्याच्या कोर्टात अधूनमधून जाऊन बसायला लागलो. खुलं न्यायालय आहे, कुणीही बसू शकतं, फक्त मोबाइल बंद ठेवा. रिमांडचं काम बघितलं. एक आदिवासी तरुण, तीन मिनिटं. नाव, गाव, मारहाणीची तक्रार आहे का, वकील आहे का. तो नुसता मान हलवत होता. हो म्हणाला की नाही ते आम्हांला शेवटच्या बाकावरून कळलं नाही. पुढच्या वेळी आलो तेव्हा एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "त्याला? जामीन झालाय त्याचा, जामीनदार नाही." जिल्ह्याबाहेर ऊसतोडीला जाणारं कुटुंब. ज्यांच्या नावावर जमीन नाही, त्यांच्यासाठी सातबारा कुठून यायचा?

आणि कायदा काय म्हणतो? १९७८ मध्येच मोतीराम प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हे निकालात काढलं होतं. मध्य प्रदेशातला एक गवंडी, दहा हजारांचा जामीन, भाऊ जामीनदार म्हणून आला तर मॅजिस्ट्रेट म्हणाले, तो दुसऱ्या जिल्ह्यातला आहे, चालणार नाही. कृष्ण अय्यर यांनी हे चूक ठरवलं. जामीनपात्र गुन्ह्यात माणूस आठवडाभरात जामीनदार देऊ शकला नाही तर तो गरीब आहे असं धरून जातमुचलक्यावर सोडा, असं संहितेतच २००५ च्या दुरुस्तीनं आलं. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं पुन्हा सांगितलं. जामिनाच्या हुकुमाची प्रत तुरुंगात मेलनं पाठवा. सात दिवसांत सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिन्यात मुचलका झाला नाही तर कोर्टानं आपणहून अटी सैल करायचा विचार करावा. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नका. म्हणजे १९७८ ची गोष्ट २०२३ मध्ये परत सांगावी लागली. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यात पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला तर सोडायची तरतूद आहे, जन्मठेप-फाशीचे गुन्हे सोडून. पण ज्याच्यावर एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित त्याला ती नाही, आणि गरिबावर एक गुन्हा दाखल झाला की दुसरा व्हायला फार वेळ लागत नाही. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी आहेत.

फुकट वकील चांगला असतो का, असं नेहमी विचारतात. काही फार चांगले असतात. आम्ही पाहिलेत, रात्री उशिरा फोन उचलणारे, स्वतःच्या खिशातून झेरॉक्स काढणारे. काही नुसते तारीख घेतात. आता पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची योजना बहुतेक जिल्ह्यांत आली आहे, तिच्याविषयी आम्हांला आशा आहे. पण वकील कितीही चांगला असला तरी तो जामीनदार होऊ शकत नाही. जामीन राहायला शेवटी आपल्यातलंच कुणीतरी लागतं. पेशवाईतही तेच लागत होतं.

वेळ संपलाय अशी खूण संयोजक करताहेत. प्रश्नांना थोडी मिनिटं ठेवू. पुढच्या वेळी पेशवे दप्तरातल्या जामीनकतब्यांकडं वळू, त्यात बायका जामीन राहिल्याची उदाहरणं सापडतात का ते बघायचं आहे. तोपर्यंत कुणाला सवड असेल तर कुठल्याही एका सोमवारी कोर्टात अकरा वाजता शेवटच्या बाकावर येऊन बसा. आम्ही तिथं असतो. डबा आणा, कारण दुपारच्या सुट्टीत कँटीनला फार गर्दी असते.